मराठवाडा : जलचक्र आणि अपधाव

पावसाच्या पाण्यापैकी जो भाग जमिनीत न मुरता आणि वाफ होऊन न उडता ओढ्यानद्यांतून वाहून जातो, त्याला अपधाव म्हणतात. हवामान आणि जमीनवापर या दोहोंतील बदलांमुळे मराठवाड्यात पावसाच्या मुरण्याची, उडण्याची आणि वाहण्याची वाटणी बदलते आहे. प्रदेशाचा बहुतेक भाग गोदावरीच्या खोऱ्यात येतो. बीड व धाराशिव जिल्ह्यांचा पश्चिमेकडील काही भाग सीनेमार्गे भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पश्चिमेस वार्षिक पाऊस सरासरी 600 ते 700 मिमीच्या आसपास असतो. नांदेडकडे तो 900 मिमीच्या घरात जातो.

खाली बहुतेक ठिकाणी बेसाल्टचा कातळ आहे. अखंड कातळात पाणी फारसे राहत नाही. ते मुरमाच्या थरात, फटींत आणि सच्छिद्र थरांतच साठते. वर काळी जमीन. वैशाखात तिला इतक्या रुंद भेगा पडतात की हात मनगटापर्यंत सहज आत जातो. मृगाच्या सरी या भेगांतून सरळ खाली उतरतात आणि चांगला पाऊस होऊनही ओढा कोरडाच राहतो. पुढे माती फुगते, भेगा मिटतात. भाद्रपदात त्याच शेतात तासाभराच्या पावसाने सऱ्या तुडुंब भरतात आणि गढूळ पाणी बांध फोडून ओढ्याला लागते. म्हणून येथे वर्षभरात पाऊस किती झाला, यापेक्षा तो कधी आणि किती जोराने पडला हे अधिक महत्त्वाचे ठरते.

अपधाव मोजण्याच्या जुन्या पद्धतींत हा फरक स्पष्ट दिसतो. इंग्लिस आणि डिसूझा या जलअभ्यासकांनी बहुधा 1929-30च्या सुमारास दख्खनच्या पठारासाठी मांडलेले सूत्र आजही पाठ्यपुस्तकांत आढळते : वार्षिक पाऊस सेंमीमध्ये घ्यावा, त्यातून 17.8 वजा करावे, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणून 254 ने भागावे. यानुसार 70 सेंमी पावसाला सुमारे 14.4 सेंमी अपधाव मिळतो, तर 50 सेंमीला जेमतेम 6.3 सेंमी. म्हणजे पाऊस तीन दशांशांहून थोडा कमी घटला, तरी वाहते पाणी निम्म्याहून अधिक घटते. मराठवाड्यातील धरणे एखाद्या वर्षी मृतसाठ्यात (दरवाजांतून सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्यापर्यंत) का जातात, हे एवढ्यावरून बऱ्यापैकी उलगडते. मात्र हे सूत्र वर्षाची एकच बेरीज घेते. पावसाचा जोर त्यात नाही. त्याआधीच्या, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या, अभियंते स्ट्रेंज यांच्या कोष्टकांत जमीन कोरडी, दमट की ओली, असा भेद केलेला आहे. काळ्या जमिनीच्या प्रदेशाला हीच दृष्टी अधिक जवळची वाटते.

बदलाचे मूळ कशात, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक हवामानावर भर देतात. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. वार्षिक एकूण पावसाचा कल मात्र कोणता कालखंड निवडावा त्यानुसार पालटतो. शिवाय अवर्षण येथे नवे नाही : दुर्गादेवीचा दुष्काळ साधारणतः 1396 पासूनचा मानतात (तो सलग बारा वर्षे टिकला, ही परंपरा जपूनच घ्यावी).

दुसरा पक्ष ऊस, विंधन विहिरी आणि उजाड गायरानांकडे बोट दाखवतो. उसाला साधारण 2,000 मिमीच्या आसपास पाणी लागते, म्हणजे पावसाच्या दुप्पट ते तिप्पट. त्यासाठी भूजल उपसले गेले की ओढ्यांना पावसाळ्यानंतर मिळणारा पाझर आटतो. दिवाळीनंतर नद्या कोरड्या पडण्यामागे हे कारण अधिक पटते. पुरांच्या तीव्रतेसाठी पहिले, म्हणजे हवामानाचे. 2016 मध्ये लातूरला एप्रिलपासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात मांजरा धरण भरले. सप्टेंबर 2025 मध्ये सीना व मांजरा काठच्या अनेक शेतांतली माती खरडून गेली. ती माती हीच पाण्याची खरी साठवण होती, आणि भरपाईच्या हिशेबात तिची ही बाजू फारशी येत नाही.

सोयाबीनने पाणी घालवले, असेही म्हटले जाते. ते तितकेसे खरे नाही. रब्बी ज्वारीसाठी काळी जमीन पावसाळाभर पडीक ठेवण्याच्या रूढीत अपधाव आणि धूप दोन्ही जास्त होत. हैदराबादजवळ पटनचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेच्या दीर्घ प्रयोगांत रुंद वरंबा-सरीवर खरिपातही पीक घेतल्यावर दोन्ही घटलेले आढळले. मराठवाड्यात ही पद्धत ‘बीबीएफ’ म्हणूनच ओळखली जाते. खरी अडचण उतारावरून सरळ पेरणी आणि मोडलेले बांध ही आहे.

जलसंधारणात 1972च्या दुष्काळातील कामांत पाझर तलाव व बांधबंदिस्ती होती. अलीकडे नाला खोलीकरणाला पसंती मिळाली. पाणलोटाच्या माथ्यावर काम न करता खाली नाला खोदला तर तो गाळानेच भरतो. बोअरने भरलेली अस्तराची शेततळी तर भूजल वर आणून उन्हात ठेवतात.

जायकवाडीच्या घटत्या आवकेवरून हवामानाचा निष्कर्ष काढणे सावधपणेच करावे. पैठणच्या वर नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे आहेत. 2,171 दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपयुक्त साठ्याच्या या जलाशयात येणारे पाणी त्यांच्या भरण्यावर आणि 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याखालील समन्यायी वाटपावर अवलंबून असते.