स्कली, व्हिन

(२९ नोव्हेंबर १९२७ – २ ऑगस्ट २०२२). अमेरिकन बेसबॉल समालोचक. पूर्ण नाव व्हिन्सेंट एडवर्ड स्कली. जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, शिक्षण फोर्डम विद्यापीठात. १९५० ते २०१६ असे ६७ हंगाम ते डॉजर्स या एकाच संघाचे समालोचक होते.

संघ तेव्हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात होता. तेथे ते ज्येष्ठ समालोचक रेड बार्बर यांच्या हाताखाली घडले. बार्बर समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवीत. वाळू संपली की धावसंख्या पुन्हा सांगायची, कारण मध्येच रेडिओ लावणाऱ्याला ती एरवी कळत नाही. संघाची तरफदारी करायची नाही, हा दंडकही त्यांचाच. १९५३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, स्कलींनी वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपद मालिकेचे, समालोचन केले.

१९५८ मध्ये संघ लॉस अँजेलिसला गेला. तेथील प्रेक्षक मैदानातही ट्रान्झिस्टर कानाला लावून स्कलींना ऐकत. या प्रथेचे कारण सहसा कोलिझियम या तेथील पहिल्या मैदानाच्या रचनेत शोधले जाते. ते मुळात अमेरिकन फुटबॉल व ॲथलेटिक्सचे क्रीडांगण. नव्वद हजारांवर आसने, आणि मागच्या रांगांतून चेंडू नीट दिसत नसे. शहराला या दर्जाचे बेसबॉल नवे होते, म्हणून समजावून सांगणारा आवाज हवा होता, असेही एक मत आहे. मात्र १९६२ मध्ये संघ सोयीच्या डॉजर स्टेडियममध्ये गेल्यावरही ट्रान्झिस्टर टिकले. त्यामुळे केवळ अंतराचे कारण अपुरे वाटते. डोळ्यांसमोरचा खेळ लोक ताडून पाहत असल्याने वर्णनातली चूक तत्काळ उघडी पडे.

९ सप्टेंबर १९६५ रोजी डॉजर्सचा पिचर (गोलंदाज) सँडी कूफॅक्सने शिकागो कब्ज संघाचे २७ बॅटर, म्हणजे सामन्यातले सगळेच, ओळीने बाद केले. नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावाचे ध्वनिमुद्रण त्याला आठवण म्हणून देता यावे, यासाठी स्कली तारीख आणि घड्याळातली वेळ सांगत राहिले. शेवटची नोंद रात्री ९.४६ ची. वेळेच्या या उच्चाराने ताण किती वाढतो, हे ते मुद्रण ऐकताना जाणवते.

निर्णायक फटक्यानंतर ते थांबत व गर्दीचा आवाज येऊ देत. हँक ॲरनचा ७१५ वा होम रन (१९७४) आणि डॉजर्सच्या कर्क गिब्सनचा वर्ल्ड सिरीजमधला विजयी फटका (१९८८) ही याची उत्तम उदाहरणे. दुसऱ्या वेळी ते मिनिटभराहून अधिक गप्प होते. रेडिओवर अशी शांतता जोखमीची: मागे गर्दीचा आवाज नसेल, तर केंद्र बंद पडले असे वाटते.

डॉजर्ससाठी ते बहुधा एकटेच बोलत. सहकाऱ्याशी गप्पा मारण्याऐवजी थेट श्रोत्याशी. पुढे त्यांचे पहिले तीन डाव रेडिओ व दूरचित्रवाणीवर एकाच वेळी जात, तेव्हा वर्णन रेडिओच्या मापाचे ठेवावे लागे.

१९८२ मध्ये बेसबॉल समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक. अखेरचे समालोचन २ ऑक्टोबर २०१६ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथे.