वहीत उतरवलं, डोक्यात किती? नोट्सच्या सवयीची पार्श्वभूमी

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना वाचायचं कसं आणि नोट्स काढायच्या कशा हे शिकवायला हवं, ही कल्पना अलीकडची. तिच्या मुळाशी असलेलं भांडण मात्र मध्ययुगातलं आहे. १३५५ च्या डिसेंबरात पॅरिस विद्यापीठाच्या कला शाखेने नियम केला की शिक्षकांनी संथपणे सांगून मजकूर उतरवून द्यायचा नाही. बोलण्याचा वेग असा हवा की ऐकणाऱ्याच्या मनाला तो झेपेल, पण हाताला गाठता येणार नाही. याविरुद्ध आरडाओरडा करणाऱ्या, दगड फेकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षाही ठरली. ती लिहून ठेवावी लागली, यावरूनच पोरांचं मत काय होतं ते कळतं!

पुस्तकं हातानेच नकलावी लागत, तेव्हा मजकूर उतरवून घेण्याची पोरांची मागणी गैर नव्हती. पण छपाई आल्यावरही ती सवय सुटली नाही आणि आपल्याकडे तर तिला परीक्षेचं बळ मिळालं. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. मुंबईच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रा. गो. भांडारकर होते, तेव्हा या व्यवस्थेतून वाचणारी माणसं निघालीच नाहीत असं म्हणता येत नाही. सर्वसाधारण विद्यार्थ्याला मात्र नेमलेल्या पुस्तकापेक्षा सरांनी सांगितलेलं उत्तर जवळचं वाटलं. मार्क त्यालाच होते. परीक्षेसाठी शिकवणं चालतं, शिकवण्यासाठी परीक्षा नाही, ही तक्रार १९०२ च्या विद्यापीठ आयोगानेच नोंदवली होती. गाइडं खपतात ती याच जमिनीवर.

अभ्यासाच्या ‘पद्धती’ आल्या त्या अमेरिकेतून. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये पाच पायऱ्या मांडल्या: आधी धडा चाळा, प्रश्न काढा, वाचा, पुस्तक मिटून आठवा, मग उजळणी करा. पुढे कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी पानाची विभागणी सुचवली: उजवीकडे तासाला घेतलेल्या नोंदी, डावीकडच्या अरुंद पट्टीत नंतर लिहायचे प्रश्न आणि कळीचे शब्द, तळाशी थोडक्यात सार. आज अशा आखलेल्या वह्या विकत मिळतात. पण पॉक यांची खरी मेख त्या डाव्या पट्टीत आहे. तास संपल्यावर पुन्हा वहीकडे बसायचं, उजवी बाजू झाकायची आणि आठवून सांगायचं. तेवढं वगळलं तर उरते नुसती आखणी.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो हार्वर्डच्या विल्यम पेरी यांचा १९५९ चा अहवाल. पहिल्या वर्षाच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना इतिहासाचं तीसेक पानांचं प्रकरण वाचायला दिलं आणि वीसेक मिनिटांनी थांबवलं. तपशिलावरचे प्रश्न त्यांनी चांगले सोडवले. मग विचारलं, प्रकरण एकूण कशाबद्दल आहे ते थोडक्यात लिहा. जेमतेम १५ जणांना जमलं. प्रकरणाच्या शेवटी सारांश दिलेला होता. तिथवर पानं उलटून पाहायला कोणी मनाई केली नव्हती. ही हुशार, निवडून घेतलेली मुलं होती, अक्षरं वाचायला अडत नव्हती. पहिल्या ओळीपासून निमूटपणे पुढे जायचं, हेच त्यांना शाळेने शिकवलं होतं. मराठी माध्यमातून येऊन एकदम इंग्रजी संदर्भग्रंथाला भिडणारा आपला विद्यार्थीही हेच करतो, शिवाय अडलेल्या प्रत्येक शब्दाशी थांबतो.

लॅपटॉप आल्यावर पॅरिसचं भांडण नव्याने पेटलं. टाइप करणारे विद्यार्थी शब्दशः उतरवतात आणि समज मागे राहते, असं २०१४ च्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं. २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा स्पष्ट फायदा आढळला नाही. आता तर फळ्याचा फोटो काढला की काम भागतं. त्यात हातही चालत नाही.