पार्श्वभूमी : अहमदाबादचा पत्रा आणि फ्रँक स्टेलाचे 'पक्षी'

अमेरिकी चित्रकार फ्रँक स्टेलाच्या रंगीबेरंगी धातुकृतींखाली संग्रहालये पुष्कळदा 'मिश्र माध्यम' एवढेच लिहून मोकळी होतात. भिंतीपासून हातभर पुढे आलेली ही कामे चित्रे की शिल्पे, हा प्रश्न ती पाटी शिताफीने टाळते.

चित्रावर कागद, कापड चिकटवण्याची रीत १९१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये रुळली आणि पुढे दोन-तीन वर्षांत रशियात तिची भिंतींच्या कोपऱ्यात टांगलेली धातूची रूपे झाली. तितक्या मागे जायचे कारण नाही. १९५९ मधल्या काळ्या पट्ट्यांच्या चित्रांपासून दहा वर्षे स्टेलाने सपाटपणाचा हट्ट धरला होता. १९७० मध्ये तो रुग्णालयात असताना एका वास्तुरचनाकार मित्राने त्याला पोलंडमधल्या लाकडी सिनेगॉगांवरचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांवरचे, पुस्तक दिले. नाझींनी नष्ट केलेल्या त्या इमारतींची नावे त्याच्या पुढच्या मालिकेतील कामांना मिळाली. एकाच रचनेच्या तीन-तीन आवृत्त्या : आधी कॅनव्हास, फेल्ट आणि कागद चिकटवून, मग जाड पुठ्ठा व लाकूड घेऊन, शेवटी तीच प्रतले तिरकी करून. रंगकामात सुतारकाम शिरले ते इथे.

१९७६ पासूनच्या 'एक्झॉटिक बर्ड्स' मालिकेत इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या पेटीतले फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वक्ररेषा काढायच्या पट्ट्या, मोठे करून मधमाशांच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियममधून कापले गेले. त्यावर तेलखडू, लॅकर, काचेचा चुरासुद्धा. नावे धोक्यात आलेल्या किंवा नामशेष झालेल्या पक्ष्यांची.

मग १९७७. अहमदाबादच्या एका गिरणीमालक कुटुंबाचा पाहुणा असताना स्टेलाच्या हाती डबे बनवण्यासाठी छापलेले, पण छपाई फसलेले पत्रे लागले. ते कापून, वाकवून त्याने छोटे नमुने केले. अमेरिकेत परतल्यावर १९७८-७९ मध्ये त्यांच्यावरून 'इंडियन बर्ड्स' मालिकेतल्या मोठ्या कृती उभ्या राहिल्या : मागे वळवलेली तारेची जाळी, तिच्यावर ॲल्युमिनियमचे तुकडे, त्यावर हाताने चढवलेले रंग. जाळीतून मागची भिंत दिसते, म्हणजे चित्राला पार्श्वभूमीच उरत नाही. या मालिकेचा भडकपणा अनेकांना खटकला. तेलाच्या डब्यावरच्या गुलाबी-हिरव्या रंगांत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना तो खटकायचे कारण नाही, आणि इंग्रजी लेखनात अहमदाबादची बोळवण एका वाक्यात होते, हे मात्र खटकते.

या कृतींची नावे पक्ष्यांची, हिंदी आहेत. 'शौबीगी' म्हणजे आपला सुभग, 'महालत' म्हणजे टकाचोर, 'खर-पिद्दा' म्हणजे गप्पीदास, 'जंगली कौवा' म्हणजे डोमकावळा. 'कस्तूरा' सांगायला नको. कामात पक्षी शोधू नये, सापडत नाही.

आता मूळ वाद, चित्र की शिल्प. स्टेला ही चित्रेच आहेत असे सांगत राहिला. १९८३-८४ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातील व्याख्यानांत त्याने मांडणी केली ती अशी : बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या, इटालियन चित्रकारांनी चित्राला जो श्वास घेण्याजोगा अवकाश दिला, तो अमूर्त चित्रकलेने गमावला आहे, तो परत मिळवला पाहिजे. उलट १९६५ मध्येच एका शिल्पकार-समीक्षकाने 'ना चित्र ना शिल्प' असा तिसरा कप्पा मांडून स्टेलाच्या चौकोनी नसलेल्या, वेगळा आकार दिलेल्या कॅनव्हासांतही त्रिमितीय कामाची लक्षणे दाखवली होती. मराठीत घोळ आणखी वाढतो. आपला रूढ शब्द 'उठावशिल्प', म्हणजे निकाल शब्दातच लागलेला. शिवाय तो ऐकला की वेरूळ डोळ्यांपुढे येते, दगडातून कोरून काढलेले. इथे कोरणे नाहीच. कापायचे, वाकवायचे, जोडायचे, रंगवायचे. त्यामुळे प्रस्तुत लेखकाला 'उठावचित्र' हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. 'पक्षी' मालिकांतली कामे समोरून बघण्यासाठीच आहेत. बाजूने गेलात तर आधाराचे सांगाडे दिसतात.

नंतर मात्र हा शब्दही अपुरा पडला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून दशकभर त्याने 'मोबी डिक' कादंबरीच्या १३५ प्रकरणांची नावे घेऊन कामे केली आणि त्यांतली काही भिंत सोडून जमिनीवर उतरली. आकार घडवायला आधी सिगारच्या धुराच्या वलयांची छायाचित्रे, मग संगणक, मग त्रिमितीय छपाई. वॉशिंग्टनमध्ये उघड्यावर उभी असलेली त्याची एक पोलाद, ॲल्युमिनियम, फायबरग्लास आणि कार्बन फायबरची कृती सुमारे ९ टनांची आहे आणि तिला मागची बाजू आहे, पुढचीही. तरीही शिल्प म्हणजे कापून कुठेतरी उभे केलेले चित्रच, असे तो म्हणायचा. २०२२ मध्ये त्याने एनएफटी, म्हणजे डिजिटल कृतींच्या मालकीच्या संगणकी नोंदी, विकल्या. विकत घेणाऱ्याला आकृती स्वतः त्रिमितीय छापून घेण्याची मुभा होती. माध्यम कोणते, ते ज्याच्या त्याच्या छपाईयंत्रावर. ४ मे २०२४ रोजी, ८७ व्या वर्षी, तो न्यूयॉर्कमध्ये वारला.