आडवी अळी, तिरकी अळी: फरक श्वासाचा, तसा तोंडाचाही

डासांच्या अळ्यांची ही दोन चित्रं शाळा-कॉलेजच्या जर्नलमध्ये अनेकांनी काढली असतील. एक पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, दुसरी डोकं खाली करून तिरकी लटकलेली. ‘अ‍ॅनोफिलीस आडवी, क्युलेक्स तिरकी’ एवढं पाठ असलं की मार्क मिळायचे. असं का, हे कोणी विचारायचं नाही.

क्युलेक्सच्या शेपटाकडे लांब श्वसननळी असते. नळीचं टोक हवेला लावून बाकीचं अंग पाण्यात सोडायचं, म्हणजे तोंड आपोआप खोलात जातं. डोकं चांगलं रुंद, तोंडाशी दोन्हीकडे केसांचे झुबके. ते सतत हलतात, पाण्याचा प्रवाह तोंडाकडे ओढतात आणि त्यातले जिवाणू, शेवाळाचे कण, कुजका गाळ पोटात जातो. गटारात, सेप्टिक टाकीत तिची चंगळ असते ती त्यामुळेच.

अ‍ॅनोफिलीसला नळीच नाही. श्वासाची छिद्रं थेट पाठीवर, शेपटाजवळ. त्यामुळे पाठ पाण्याच्या पापुद्र्याला चिकटून राहायलाच हवी. त्यासाठी पाठीवर छोट्या पंख्यांसारखे केस असतात. पण मग पंचाईत होते. खाणं त्याच पापुद्र्यावर तरंगतंय आणि तोंडाचे झुबके डोक्याच्या खालच्या बाजूला! यावर तिने काढलेली तोड मला अजूनही थक्क करते: ती मान १८० अंशांत फिरवते. पाठ वर ती वरच, आणि आता हनुवटीही वर. पांढऱ्या ताटलीत या अळ्यांसकट पाणी घेऊन वर चिमूटभर पिठी भुरभुरली, तर कण दोन्ही बाजूंनी डोक्याकडे सरकताना दिसतात.

तिरकी दिसली की क्युलेक्सच, असं मात्र नाही. डेंग्यूचा एडिसही तिरकाच लटकतो. त्याची नळी आखूड आणि जाडसर, आणि खायला तो बऱ्याचदा तळाशी नि पिंपाच्या कडांवर जाऊन तिथला थर खरवडतो.

खाण्याच्या या जागांचा उपयोग माणसाने करून घेतला. १९२१ पासून पॅरिस ग्रीन नावाची आर्सेनिकची हिरवी पूड पाण्यावर उधळू लागले. ती तरंगायची, म्हणून अ‍ॅनोफिलीस ती खाऊन मरायची. खालून खाणाऱ्यांना तिचा फारसा त्रास नसे. ब्राझीलमध्ये शिरलेला आफ्रिकेचा मलेरिया पसरवणारा डास, अ‍ॅनोफिलीस गँबिई, १९४० च्या सुमारास तिथून हटवला, त्यात या पुडीचा मोठा वाटा होता. आजच्या बीटीआय या अळ्या मारणाऱ्या जिवाणूजन्य औषधाचं उलट: कण तळाशी बसले की अ‍ॅनोफिलीसच्या तोंडी ते लागतच नाहीत. पाण्यावर टाकलेल्या तेलाला मात्र तोंडाशी देणंघेणं नाही, ते सगळ्यांचाच श्वास कोंडतं.

ताटलीत बघायचं असेल तर वाकून सावली पाडू नका. तिन्ही झटकन बुडी मारतात. थोडं थांबा, श्वासासाठी वर येतीलच.