हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की लेकरू आईकडे का बघतं?

‘लहान आहे तो, त्याला काय कळतंय!’ टीव्हीवर युद्धाच्या बातम्या लागल्या की हे वाक्य घरात हमखास ऐकू येतं. त्याला कळतं. फक्त बॉम्बच्या आधी आईचा चेहरा कळतो.

१ सप्टेंबर १९३९पासून तीनच दिवसांत ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने सुमारे १५ लाख माणसं शहरांतून खेड्यांत हलवली. त्यांतली निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं होती, आईबापांविना. वर्षभराने लंडनवर ५७पैकी ५६ रात्री बॉम्ब पडले. १९३८मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून आलेल्या बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉईड यांनी सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांच्यासोबत लंडनमधल्या हॅम्पस्टेडला अशा मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. त्यांना दिसलं ते असं: आई शांत असेल तर बॉम्बवर्षावातही मूल बऱ्यापैकी सावरतं, आई थरथरली की तेही थरथरतं. आणि आईपासून झालेली ताटातूट अनेकदा बॉम्बपेक्षा खोल लागते.

असं का होतं, हे पुढे उंदरांनी दाखवलं. धोका जाणवला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना हुकूम सोडते आणि रक्तात ताणाचं संप्रेरक चढतं. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. ते चढलं की अमिग्डला हा बदामाएवढा भाग भीती पक्की नोंदवतो. दहा-बारा दिवसांच्या पिल्लाला एखादा वास देऊन सौम्य विजेचा झटका दिला, तर ते त्या वासाला भिऊ लागतं. पण त्या वेळी आई शेजारी असेल तर संप्रेरक चढतच नाही आणि भीतीची नोंदही होत नाही! उलट एखाद्या वासाने आईच घाबरली, तर झटका न बसताही पिल्लू त्या वासाला भिऊ लागतं. म्हणजे एकच आई ढालही होते आणि भोंगाही.

भ्यालेल्या पोरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून भीती उतरत नाही. उतरते ती त्या वेळी मिळालेल्या मांडीमुळे. ‘आजीचा आघात नातवाच्या डीएनएत’ असले फॉरवर्डही जपून वाचा. माणसांबाबतचा तो पुरावा अजून तोकडा आहे.

हॅम्पस्टेडमध्ये आईला कधीही भेटायला यायची मुभा होती. पुढे मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटाला एकच ठरलेली बाई दिली, जणू घरच. लगेच हेवेदावे, रडारड सुरू झाली, कारण आता हक्काचं माणूस मिळालं होतं. आणि थोड्याच दिवसांत अडकलेलं बोलणं, शी-शूच्या अडकलेल्या सवयी भराभर पुढे सरकू लागल्या.