बिबळ्या कडवा की छोट्या चांदव्याची मादी? मागचा पंख पाहा

पुण्यात कुणी नारिंगी फुलपाखराचा फोटो टाकला की खाली दोनच नावं येतात: मोनार्क नाहीतर प्लेन टायगर. मोनार्क पुण्यात नाही, ते नाव सोडूनच द्या. प्लेन टायगर म्हणजे बिबळ्या कडवा. रुईच्या झुडपावर रोज दिसतो, त्याची ओळख करून द्यायला नको. गल्लत होते ती छोट्या चांदव्याच्या, म्हणजे डॅनेड एगफ्लायच्या मादीशी. नर कुणालाही ओळखता येतो: काळाभोर, पंखांवर मिळून सहा पांढरे चांद आणि त्यांच्या कडेला जांभळट निळी झाक.

मादी मात्र हुबेहूब बिबळ्याचं सोंग घेते. बिबळ्याची अळी रुईच्या चिकातली विषं अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याच्या मादीत विष नसतं, तिला वाचवतो तो हा उसना रंग. पुढच्या पंखाचं काळं टोक आणि त्यावरचा पांढरा पट्टा दोघांना असतो, त्यामुळे त्यावरून नाव ठरवूच नये. संथ उडण्यावरून तर मुळीच नाही, कारण ती चालही मादी उचलते.

पाहायचा तो मागचा पंख. बिबळ्याच्या या पंखाच्या मधोमध तीन छोटे काळे ठिपके असतात. नराला चौथा, जरा मोठा ठिपका असतो, ती त्याची गंधाची पिशवी. चांदव्याच्या मादीचा तो मधला भाग कोरा नारिंगी असतो. तिला एकच काळा ठिपका, तोही पंखाच्या वरच्या कडेला. पंख उघडे असताना पुढचा पंख त्या कडेवर येतो आणि ठिपका झाकला जाऊ शकतो. अशा वेळी एक ठिपका शोधत बसू नका, मध्यभाग कोरा आहे का एवढंच बघा. पंख मिटले की मागच्या पंखाची खालची बाजू समोर येते आणि दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात. फोटो घ्यायचा तर तो मिटलेल्या पंखांचा घ्या. कडा झिजलेल्या, फाटलेल्या फुलपाखरातही मधले ठिपके सहसा शाबूत असतात. चांदव्याच्या काही माद्यांना काळं टोकच नसतं, तिथेही हीच खूण चालते.

हा नुसता नावाचा वाद नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या अनुसूचीत छोट्या चांदव्याचं नाव होतं. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत हे फुलपाखरू आढळतं, पण त्याच्या अळीला लागते ती प्रामुख्याने घोळ, तीच आपली भाजीची. रुई दगडधोंड्यांत तगते आणि शेळीही तिला सहसा तोंड लावत नाही. घोळीला मात्र उघडी, ओलसर माती हवी: नदीकाठचा गाळ, ओढ्याची कड, पावसाळ्यातली पडीक जागा. मुळा-मुठेच्या किंवा राम नदीच्या काठावर राडारोडा पडला, भिंत चढली, पेव्हर ब्लॉक बसले की घोळ जाते आणि रुई मात्र फटीतून पुन्हा उगवते. म्हणजे बिबळ्या टिकतो, चांदवा हटतो. आणि दोघांना एकाच नावाने मोजलं तर ही घट नोंदीत कधीच दिसत नाही.

सोसायट्यांतल्या फुलपाखरू बागांचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. हळदीकुंकू आणि खुळखुळा ही झाडं हौसेने लावतात, आणि घोळ मात्र तण म्हणून उपटतात किंवा तिच्यावर तणनाशक मारतात. लॉनखाली ती उगवत नाही. दोन-तीन फूट माती उघडी ठेवा, घोळीचे तुकडे खोचा आणि मुळं धरेपर्यंत ओल राखा. भाजीसाठी खुडताना पानं उलटून बघा. काळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची, डोक्यावर दोन शिंगं असलेली अळी दिसली तर ती चांदव्याची. ते झाड तसंच राहू द्या. बिबळ्याच्या अळीवर काळे, पांढरे, पिवळे पट्टे असतात आणि अंगावर लांब काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. ती घोळीवर सापडणार नाही.