लाळग्रंथींचा रक्तपुरवठा

लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन, कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल, आणि तिन्हींना रक्त येतं ते एक्स्टर्नल कॅरोटिड ह्या मानेतल्या धमनीच्या फाट्यांमधून. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ बनते आणि तिच्यातलं सगळं पाणी रक्तातूनच येतं, म्हणून इथला रक्तपुरवठा नुसता ग्रंथी जगवण्यापुरता नाही, तो कच्चा माल आहे.

पॅरोटिडमध्ये तर ही मोठी धमनी थेट आतच शिरते आणि तिथेच तिचे मॅक्सिलरी आणि सुपरफिशियल टेम्पोरल असे दोन फाटे होतात. बाहेरून आत जाताना आधी फेशियल नर्व्ह, मग रेट्रोमँडिब्युलर शीर, सगळ्यात खोल धमनी. गाठ काढणाऱ्या सर्जनला हा क्रम तोंडपाठ हवाच, कारण ती नर्व्ह दुखावली तर त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो.

जबड्याखालच्या ग्रंथीला मुख्यतः फेशियल धमनी रक्त देते. ती ग्रंथीच्या मागच्या अंगाला खाच पाडून जाते आणि वळसा घालून जबड्याच्या कडेवरून गालावर चढते. दात घट्ट आवळा, गालाचा स्नायू टणक लागेल, त्याच्या पुढच्या कडेशी जबड्याच्या हाडावर हलकं बोट टेकवा, ठोका लागतो ना, तीच ही.

जिभेखालच्या ग्रंथीकडे लिंग्वल आणि फेशियल धमन्यांचे बारीक फाटे येतात. बारीक म्हणून सोडून देऊ नका, खालच्या पुढच्या दातांचं इम्प्लांट बसवताना हाडाच्या आतल्या बाजूला ड्रिल आरपार गेलं आणि ह्यातला एखादा फाटा फाटला तर तोंडाचा तळ रक्ताने फुगतो, जीभ वर ढकलली जाते आणि श्वास अडकू शकतो.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र प्रवाहाची. 1858 मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड यांनी कॉर्डा टिम्पनी, म्हणजे जबड्याखालच्या ग्रंथीला लाळ सोडायचा इशारा देणारी नर्व्ह, उत्तेजित केली तेव्हा त्या ग्रंथीतून निघणाऱ्या शिरेतलं काळपट रक्त लालभडक झालं, म्हणजे वाहिन्या रुंदावून रक्त इतक्या वेगाने वाहत होतं की ऑक्सिजन पुरता काढून घ्यायला वेळच मिळत नव्हता. मग लाळ म्हणजे दाबाने गाळलेलं रक्तच का? तर नाही, कार्ल लुडविग यांना लाळेच्या नळीतला दाब धमनीतल्या दाबापेक्षाही जास्त भरला होता, आणि 1872 मध्ये हायडेनहाइन यांनी अ‍ॅट्रोपिन हे लाळ सुकवणारं औषध देऊन तीच नर्व्ह उत्तेजित केली तर लाळ थांबली, रक्ताचा प्रवाह मात्र वाढलाच.